घर ऑटोवर टाकण्याचं खूळ

परवा बाणेरला एका नव्या स्कीमचा सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो होतो. घर भाच्याला घ्यायचंय. मी आपला 'मामा इंजिनिअर आहे' म्हणून बरोबर. चपला काढतोय तोवर एका तरतरीत मुलीने भिंतीवरच्या काळ्या काचेच्या पाटीला बोट लावलं आणि म्हणाली, "सर, या घराला स्वतःचा ब्रेन आहे." पाटीवर 'गुड मॉर्निंग' असं बटण. ते दाबलं की पडदे सरकतात, गीझर लागतो, एसी बंद होतो, देवघरात विजेची समई पेटते आणि छतातून कुठूनतरी भूपाळी ऐकू येते. भाचा खूश. मी विचारलं, "वायफाय गेलं की गीझर कुठे जाणार?" ती गोंधळली. "सर, गीझर कुठे जाणार? बाथरूममध्येच असेल ना."

प्रश्न तिला कळला नाही यात तिचा दोष नाही. तो आमच्या धंद्यातला प्रश्न. मी तीस वर्षं केमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन बघितलं. तिथे कंट्रोल व्हॉल्व्ह हवेच्या दाबावर चालतात, आणि नव्या शिकाऊ पोरालाही पहिला सवाल हाच विचारतात: एअर गेली तर हा व्हॉल्व्ह कुठे जाणार, उघडा की बंद? भट्टीच्या इंधनाचा असेल तर बंद व्हायला हवा. रिअ‍ॅक्टरच्या थंड पाण्याचा असेल तर उघडा पडायला हवा. त्यासाठी आत स्प्रिंग बसवलेली असते. हवा जावो, वीज जावो, कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर बसो, स्प्रिंगला त्याचा पत्ताही नसतो. ती व्हॉल्व्हला जागेवर नेते. तोच सवाल मी गीझरला लावत होतो. 'चालू' म्हणून निरोप गेला आणि 'बंद'चा निरोप जायच्या आत जोडणी तुटली, तर गीझर कुठे जाणार? ब्रोशर चोवीस पानांचं होतं. हे कुठल्याच पानावर नव्हतं.

घराला ब्रेन हवा हे मत त्या मुलीचं एकटीचं असतं तर मी गप्प चहा पिऊन आलो असतो. पण हल्ली ते होर्डिंगवर आहे, लग्नात जेवणाच्या टेबलावर आहे, आमच्या सोसायटीच्या जनरल बॉडीतसुद्धा आहे. ते असं: घर म्हणजे यंत्रांचा अडाणी संसार. एसीला खिडकी उघडी असल्याचं कळत नाही, गीझरला आपण गावाला गेल्याचं कळत नाही, फ्रिजला दूध संपल्याचं कळत नाही. यांच्या डोक्यावर एक कॉम्प्युटर बसवा, सगळ्यांच्या दोऱ्या त्याच्या हातात द्या. तो आपल्या सवयी शिकेल, वेळ वाचवेल, वीज वाचवेल, म्हाताऱ्या आईबापांवर लक्ष ठेवेल. ज्याला हे पटत नाही त्याने खुशाल बैलगाडीतून हिंडावं.

मी बैलगाडीवाला नाही. जन्मभर ऑटोमेशनचीच भाकरी खाल्ली. म्हणूनच डोकं फिरतं.

सगळ्यात आधी हे 'भविष्य' वगैरे बंद करू. हे भविष्य साठ वर्षांचं म्हातारं आहे. 1966 साली अमेरिकेत, पिट्सबर्गला, जिम सदरलँड नावाच्या वेस्टिंगहाउसच्या इंजिनिअरने कंपनीतल्या कंट्रोल कॉम्प्युटरच्या जादा झालेल्या भागांतून घरासाठी कॉम्प्युटर जुळवला. नाव ठेवलं एको-फोर. वजन सुमारे 360 किलो. घरातली घड्याळं, तापमान, टीव्ही, किराण्याची यादी असं सगळं त्याच्याकडे सोपवायचा बेत होता. माणूस हाडाचा इंजिनिअर, हौस खरी, आणि मला त्याच्याबद्दल ममत्वच आहे. पण लक्षात घ्या, घर चालवायचा कॉम्प्युटर ज्याच्या घरात आला तो स्वतः कंट्रोल कॉम्प्युटर बनवणारा होता. बाकी कुणाच्या घरात तो का आला नसेल?

तीन वर्षांनी, 1969 च्या नाताळात, नीमन मार्कस या श्रीमंती दुकानाच्या कॅटलॉगमध्ये हनीवेलचा 'किचन कॉम्प्युटर' झळकला. किंमत 10,600 डॉलर. डौलदार लाल-पांढरा ओटा, पुढे भाजी चिरायची फळी, आणि आत हनीवेलचं 316 नावाचं औद्योगिक मशीन. पाककृती साठवायला म्हणे. पाककृती आत घालायच्या स्विच खालीवर करून, आणि उत्तर वाचायचं ते लुकलुकणाऱ्या दिव्यांतून, एक आणि शून्याच्या भाषेत. ते शिकायला दोन आठवड्यांचा कोर्स. वर जाहिरातीत गृहिणीला टोमणा, की हे यंत्र जितका झकास हिशेब करतं तितका स्वयंपाक हिला जमला असता तर! एक तरी नग विकला गेल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही. जिला टोमणा मारला ती बाई शहाणी निघाली.

इथवर हसून सोडून देता येतं. पण तेच 316 मशीन इंग्लंडमधल्या ब्रॅडवेलच्या अणुवीज केंद्रात रिअ‍ॅक्टरच्या तापमानावर नजर ठेवायला होतं, आणि ते 2000 सालापर्यंत चाललं. स्वयंपाकघरात एक दिवस टिकलं नाही आणि अणुभट्टीत म्हातारं झालं! असं का व्हावं? वरण शिजवणं अणुभट्टीपेक्षा अवघड आहे म्हणून? ब्रॅडवेलला तीन पाळ्यांत माणसं होती. लॉगबुक होतं, स्पेअरची खोली होती, बिघाड झाला तर ज्याची झोपमोड करता येईल असा पगारी माणूस होता. कंट्रोल सिस्टीम म्हणजे नुसतं मशीन नव्हे. मशीन, अधिक ते सांभाळणारी शिफ्ट. घर विकताना मशीन विकतात. शिफ्टला कोण? पहाटे तीनला अलार्म वाजला की उठायचं कुणी? बहुतेक घरांत याचं उत्तर ठरलेलं आहे, आणि तिला याचा पगार नाही.

त्यावर लगेच सांगतात, अहो, आता मशीन स्वस्त झालं, सोपं झालं. झालं ना. पण माझी तक्रार 'एक मेंदू' या कल्पनेबद्दल आहे, आणि ती कल्पना आमच्या धंद्याने करून, पोळून, टाकून दिलेली आहे. 1962 साली इंग्लंडमध्ये फ्लीटवुडला आयसीआयच्या सोडा अ‍ॅशच्या कारखान्यात फेरांटीचा एकच आर्गस कॉम्प्युटर बसवला. 224 मोजमापं तो घ्यायचा आणि 129 व्हॉल्व्ह थेट हलवायचा. पराक्रमच तो, शंका नाही. पण सगळ्या दोऱ्या एका हातात दिल्या की तो हात आखडला तर काय, ही धास्ती तेव्हापासून आमच्या मानेवर बसली. म्हणून शहाणे लोक असल्या कॉम्प्युटरच्या पाठीशी जुनी पॅनेलं राखून ठेवायचे. म्हणजे नव्या कारभाऱ्याला ठेवायचं आणि जुन्यालाही काढायचं नाही. पुढे 1975 मध्ये नवी रचना आली: एका पेटीकडे फक्त आठ लूप (एक मोजमाप आणि त्यावरून हलणारा एक व्हॉल्व्ह म्हणजे एक लूप), शेजारच्या पेटीकडे दुसरी आठ. एक पेटी बसली तर आठ लूप गेली, कारखाना चालू. कंट्रोल रूममधला पडदा विझला तरी पेट्या आपापलं काम करत राहतात. पडदा फक्त दाखवतो आणि निरोप पोचवतो. ही टीडीसी-2000 सिस्टीम कुणाची माहितीये? हनीवेलची. ज्या कंपनीने गृहिणीला एक मेंदू विकायला काढला, तिनेच सहा वर्षांत कारखानदारांना सांगितलं, मेंदू वाटून टाका. नावातच 'डिस्ट्रिब्यूटेड' होतं.

आणि याच हनीवेलचं घराघरांत खरोखर खपलेलं यंत्र कोणतं? 1953 सालचा गोल थर्मोस्टॅट. हेन्री ड्रायफसने रूप दिलेला. आत दोन धातूंची गुंडाळी आणि पाऱ्याचा स्विच. गारठा वाढला की गुंडाळी वळते, पारा कलंडतो, भट्टी लागते. एक काम, एक चकती, फिरवली की कळतं. त्याचा हुशार नातू 2016 च्या जानेवारीत, ऐन थंडीत, सॉफ्टवेअरच्या चुकीने बॅटरी संपवून बसला आणि अमेरिकेत कित्येक घरं रातोरात गार पडली. नेस्ट त्याचं नाव. पाऱ्याला अपडेट येत नसे.

अमेरिकेत कशाला जायचं म्हणा. आपल्या ओट्यावरचा कुकर बघा. शिट्टी दाब राखते. जास्त झाला की उचलते, सोडते, बसते. हे झालं कंट्रोल. शिट्टीच्या भोकात डाळीचं साल अडकलं तर झाकणावर वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. तो निराळ्या तत्त्वावर चालतो, आतला धातू तापून वितळतो आणि वाफ मोकळी होते. हे झालं प्रोटेक्शन. त्याला शिट्टीशी काही देणंघेणं नाही, आणि नसायलाच हवं. आतून बसणारं झाकण दाब उतरल्याशिवाय निघतच नाही. हा झाला इंटरलॉक. कंट्रोल वेगळं, प्रोटेक्शन वेगळं, इंटरलॉक वेगळा, एकाचा बिघाड दुसऱ्याला लागत नाही. आमच्या प्लांटमध्ये हेच तत्त्व अंगी बाणवायला बाहेरचे तज्ज्ञ बोलावून तीन-तीन दिवसांची ट्रेनिंगं झाली. माझ्या आईला शिट्ट्या मोजता येत होत्या. आता तोच कुकर ब्लूटूथवर घेऊन त्याच्या शिट्ट्या फोनने मोजायच्या म्हणतात. स्वयंपाकघरातला आवाज पलंगावर ऐकू येतो की!

'कॉम्प्युटरला सगळं कळतं' हा आणखी एक गोड गैरसमज. कॉम्प्युटरला फक्त सेन्सर जे सांगतो ते कळतं, आणि सेन्सर हा घरातला सगळ्यात गरीब प्राणी असतो. आमच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी गच्चीवरच्या टाकीसाठी फोनला जोडलेला कंट्रोलर घेतला. टाकीत स्टीलच्या सळ्या सोडायच्या. पाणी सळ्यांपर्यंत आलं की त्यातून करंट जातो, टाकी भरली असं समजतं, पंप बंद. उत्तम. फक्त आमचं पाणी बोअरचं. चार महिन्यांत सळ्यांच्या बुडख्याशी क्षारांचा पांढरा, ओलसर थर असा जमला की दोन सळ्या एकमेकींना भेटल्या. पाणी नसताना करंट जाऊ लागला. रविवारी सकाळी साडेआठला सहाही मजल्यांचे नळ कोरडे, आणि सेक्रेटरी खाली उभे राहून फोन दाखवतायत: टाकी 100 टक्के. लोक तोंडाला साबण लावून गॅलरीत. शेवटी वॉचमन शिडीने वर गेला, झाकण उघडून टॉर्च मारला आणि वरूनच ओरडला, "साहेब, टाकीत कबुतराचं पीस हाय नुसतं." खाली आला, पॅनेलचा खटका मॅन्युअलवर टाकला, पंप लावला. तेव्हापासून तो खटका तिथेच आहे. कंपनीचा माणूस आला की ऑटोवर जातो, माणूस गेटबाहेर पडला की परत येतो. मी त्याला अडवलेलं नाही. उलट त्या पॅनेलवर निदान तो खटका तरी होता, याबद्दल कंपनीचे आभारच मानायला हवेत.

वीज वाचते म्हणतात. करू हिशेब. हुशार बल्ब किंवा स्विच निरोपाची वाट बघत चोवीस तास जागा असतो. अर्धा वॅट धरा, उगाच कंपन्यांवर अन्याय नको. घरात असे वीस नग म्हणजे दहा वॅट; वर्षाचे 8,760 तास; झाली जवळजवळ 88 युनिटं, एकही दिवा न लावता. आता जुना 75 वॅटचा पंखा काढून 28 वॅटचा बीएलडीसी मोटरचा लावा. दिवसाला बारा तास चालला तर एका पंख्यामागे वर्षाला सुमारे 200 युनिटं वाचतात. ही बचत मोटरने केली. तिला इंटरनेट लागलं नाही, आपल्या सवयी शिकाव्या लागल्या नाहीत. (त्या पंख्याचा रिमोट सोफ्याच्या फटीत जातो ही गोष्ट खरी, आणि तो रिमोट सुचवणाऱ्याला मी वेगळा भेटणार आहे.)

वेळ वाचतो हा तर फारच जुना वायदा. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी 1983 साली 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात अमेरिकन घरांचा सगळा जमाखर्च मांडला. धुलाईयंत्र आलं, व्हॅक्यूम आला, गॅस आला, आणि आईचं काम होतं तिथेच राहिलं. कारण यंत्रांनी कमी केलं ते लाकडं फोडणाऱ्या बापाचं आणि नोकरांचं काम. धुणं सोपं झाल्यावर कपडे रोज धुवायची चाल पडली. आता त्यावर पासवर्ड, अपडेट आणि 'डिव्हाइस ऑफलाइन'ची भर. परवा भाच्याने माझ्यासमोर एक दिवा वायफायला जोडला. तेवीस मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. तेवढ्या वेळात भिंतीवरचं बटण किती वर्षं दाबून झालं असतं, याचं गणित त्याचं त्याने करावं.

मग सगळ्यांचा हुकमी एक्का: म्हातारी माणसं. इथे मी एक पाऊल मागे येतो. जो अंथरुणाला खिळलाय, ज्याला हात हलवता येत नाही, त्याला आवाजाने दिवा लावता येणं ही चैन नव्हे, सन्मान आहे. ते द्या, जरूर द्या. पण आमच्या वरच्या मजल्यावर पंचाहत्तरीचं जोडपं राहतं, दोघंही हिंडतीफिरती. मुलगा न्यू जर्सीला. दिवाळीत आला तेव्हा कौतुकाने सगळे बल्ब हुशार करून गेला. असल्या बल्बला भिंतीवरचं बटण कायम चालू लागतं, नाहीतर तो मरतो. म्हणून मुलाने प्रत्येक बटणावर सेलोटेप लावलाय आणि खाली स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी: 'आई, बंद करू नकोस.' चाळीस वर्षं त्या माउलीने खोलीतून बाहेर पडताना बटण बंद केलं. आता हात आपसूक जातो आणि चिकटपट्टीला लागून परत येतो. पावसाळ्यात रात्री दोनला वीज गेली आणि तीनला आली की सगळे बल्ब एकदम पूर्ण तेजाने पेटतात. वीज आली की पेटायचं, एवढंच त्यांना ठाऊक. मग काका न्यू जर्सीला फोन लावतात. तिथे संध्याकाळ असते, मुलगा गाडी चालवत असतो. तो म्हणतो, "बाबा, राउटर रिस्टार्ट करा." खोलीतला दिवा बंद करण्यासाठी अमेरिकेला ट्रंक कॉल! ही काळजी मुलाची खरी आहे, आणि म्हणूनच जीव तुटतो. त्या घराचा शिफ्ट इंजिनिअर बारा हजार किलोमीटरवर बसलाय.

आणि तो मेंदू तरी आपला असतो का? रिव्हॉल्व्ह नावाची घरची पेटी अमेरिकेत 300 डॉलरला विकली, आयुष्यभराची सेवा म्हणून. नेस्टने कंपनी विकत घेतली आणि मे 2016 मध्ये सेवा बंद केली. पेट्या धडधाकट होत्या, मेल्या. एप्रिल 2022 मध्ये इन्स्टिऑन या अशाच दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर न सांगता अंधारात गेले. 7 डिसेंबर 2021 ला अ‍ॅमेझॉनचं व्हर्जिनियातलं डेटा सेंटर आजारी पडलं तर कुणाकुणाच्या घरी अ‍ॅपवरून झाडू फिरेना. आयुष्यभराची म्हणजे कुणाच्या आयुष्याची, एवढं तरी बिलावर छापा!

"पण काका, आता मॅटर आलंय, सगळ्या कंपन्यांचं एकच स्टँडर्ड," असं मला आयटीतली पोरं समजावतात. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये आलं, ठाऊक आहे. घरातच चालणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअरही ठाऊक आहे, त्यामागचे लोक प्रामाणिक आहेत. पण सगळी यंत्रं एक भाषा बोलू लागली म्हणून हुकूम कुणाचा चालायचा हे ठरत नाही. आणि होम असिस्टंट मांडणारा गडी हौसेने रात्री जागून घर जुळवतो. तो सदरलँडचाच वंशज. त्याचं घर उत्तम चालतं, कारण शिफ्टला तो स्वतः आहे. तो आठ दिवस टूरवर गेला की त्याच्या बायकोला विचारा.

प्लांटमध्ये प्रत्येक मोटरशेजारी एक छोटी पेटी असते. तिच्यावर एक खटका, दोन जागा: लोकल, रिमोट. खटका लोकलवर टाकला की कंट्रोल रूममधल्या कुणालाही ती मोटर चालू करता येत नाही, मग तो शिफ्ट इन्चार्ज असो की कंपनीचा मालक. जो यंत्राशेजारी उभा आहे त्याचा शब्द शेवटचा. हा खटका माणसांची बोटं तुटू नयेत म्हणून आला, आणि कितीही मोठा कॉम्प्युटर आणला तरी आम्ही तो कधी काढला नाही. घराला विकला जाणारा मेंदू हा नेमका तोच खटका काढून टाकतो आणि त्या जागी काच बसवतो.

त्या मुलीने जाताना फीडबॅकचा फॉर्म दिला. भाच्याने पाच तारे दिले. मी मागच्या कोऱ्या पानावर लिहून आलो: प्रत्येक दिव्याला, पंख्याला, गीझरला भिंतीवर स्वतःचं बटण, ते बटण दाबल्यावर कॉम्प्युटरची परवानगी न लागता काम व्हावं. गीझरचा थर्मोस्टॅट आणि जादा तापलं तर तोडणारा कटआउट गीझरमध्येच, आणि दोन्ही वेगवेगळे. टाकीला फ्लोट, अधिक वाहून जाणारा पाइप दिसेल अशा जागी. दाराला किल्ली. वीज गेली, नेट गेलं, कंपनी गेली तर काय कुठे जाणार याचा एक तक्ता, मीटरच्या दारावर, मराठीत. कॉम्प्युटर ठेवायचाच तर त्याने बघावं, नोंदवावं, बिल कुठे वाढलं ते सांगावं. हात लावू नये. आणि मुख्य दाराच्या आत, डाव्या बाजूला, म्हाताऱ्या माणसाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर एक ढोबळ, लोखंडी, टक्कन आवाज करणारा खटका: लोकल, रिमोट. एवढं असलेला फ्लॅट तयार झाला की फोन करा, बुकिंगचा चेक घेऊन भाच्याला मी स्वतः आणतो.